नाळेवरच्या तीन फिती

वाचकहो आणि बालमित्रांनो, प्रस्तुत लेखात मी माझ्या जन्माची हकिकत, माझ्या सेवेची वर्षे, माझ्या आयुष्यातील सर्वांत लाजिरवाणी आणि सर्वांत अभिमानाची सकाळ (ती एकच होती) आणि शेवटी माझी आपणांस असलेली एक विनंती, असे सर्व यथाक्रम निवेदन करणार आहे. लाकडास तोंड नसते हे मला ठाऊक आहे. परंतु लाकडास स्मरण असते. आपण ते शांत चित्ताने ऐकावे.

मी एक जुनी चिखलफळी आहे. लांबी पाच हात, रुंदी हातभर, जाडी बोटभर, आणि पुढचे टोक होडीच्या नाळेसारखे (नाळ म्हणजे होडीचे नाक) वर वळलेले. ओहोटी लागली की समुद्र आमच्या, म्हणजे पूर्वेच्या एका परमुलखातल्या, क्लोंग समे गावापासून कोसभर मागे सरकतो आणि मागे राखी, मऊ, चकाकता चिखल उरतो. त्यावर माणूस चालू गेला तर मांडीपर्यंत रुततो. मी मात्र रुतत नाही. माझ्यावर डावा गुडघा टेकावा, पुढे ठेवलेल्या बादलीच्या कडा दोन्ही हातांनी धराव्या आणि उजव्या पायाने चिखल मागे रेटावा, म्हणजे मी अशी सरकते की पाण्यावरची होडीदेखील लाजावी. ही बढाई नव्हे, मित्रांनो. माझे माहेर होडीचेच आहे.

लुंग तेम यांच्या होडीच्या तळाची मी एक फळी. (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषास लुंग म्हणतात व वडीलधाऱ्या बाईस पा.) ती होडी तीस वर्षे आखातात हिंडली आणि एके वर्षी तिचा कणा मोडला. लुंग तेम यांनी तिचे सरपण होऊ दिले नाही. त्यांनी मला वेगळे काढले, रंधा मारून पातळ केले, माझे पुढचे टोक ओल्या गोणपाटात गुंडाळून विस्तवावर धरले आणि दगड टांगून तीन दिवसांत हळूहळू वर वाकवले. लाकूड घाईने वाकवले तर तडकते. लुंग तेम घाईचे गृहस्थ नव्हते.

तदनंतर त्यांनी एक अशी गोष्ट केली की सारा गाव हसला. आमच्याकडे प्रत्येक होडीच्या नाळेवर मे यानांग नावाची देवी वसते, सबब नाळेला लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन फिती बांधतात. लुंग तेम यांनी त्या फिती माझ्या नाकाला बांधल्या! शेजारचे मिठागरवाले लुंग वान कुंपणावर हात ठेवून म्हणाले, "अरे तेम, फळीला कसली देवी? उद्या खलबत्त्यालापण फीत बांधशील!"

"होडी मोडली म्हणून देवी कुठं जाईल? ह्याच लाकडात बसून असेल बिचारी," लुंग तेम म्हणाले. "आणि खलबत्त्याला का नाही बांधायची? चटणी तोच देतो की."

त्या फिती पहिल्याच ओहोटीत चिखलाने माखल्या आणि वर्षभरात गळून गेल्या. पुन्हा कोणी बांधल्या नाहीत. हा तपशील आपण लक्षात ठेवावा. पुढे तोच महत्त्वाचा आहे.

मला चालवीत असे लुंग तेम यांची पत्नी पा ओनसी. चिखलातून खुबे, म्हणजे जाड रेघांचे शिंपले, वेचण्याचा तिचा पिढीजात व्यवसाय. तिने ओहोटी चुकवल्याचे मला आठवत नाही. उधाणाच्या दिवसांत चिखल लांबवर उघडा पडे तेव्हा ती थेट पाण्याच्या कडेपर्यंत जाई, आणि भांगाच्या, म्हणजे लहान ओहोटीच्या, दिवसांत गावाजवळ राही. बादली भरून आली की ती मला गोड्या पाण्याने धूत असे, घराखाली सावलीत उभी करीत असे, आणि मगच वर जाऊन भात व वाफवलेला बांगडा खात असे. आधी मी, मग ती. असा मान किती लाकडांना मिळतो?

आता मी पक्ष्यांविषयी सांगते, कारण त्यांच्यामुळेच मला हा लेख लिहवून घेण्याचे धैर्य झाले.

दरवर्षी पाऊस सरता सरता उत्तरेकडून आमच्या चिखलावर पक्षी उतरतात. बर्फाच्या मुलखातून ते येतात, इतके दमून येतात की पहिले दोन दिवस त्यांच्या छातीचे हाड दिसते. तुतवार, चिखल्ये, पाणटिवळे, लांब वाकड्या चोचीचे कोरल. वर हवेत कुरव आणि सुरय. हजारोंच्या संख्येने येतात आणि चैत्राच्या सुमारास परत जातात. पा ओनसीला त्यांची पुस्तकातली नावे ठाऊक नव्हती. तिने आपली नावे ठेवली होती. पाणटिवळा चोच खालीवर टोचत जातो म्हणून तो 'शिंपी'. चिखल्या चार पावले पळतो, थबकतो, पुन्हा पळतो म्हणून तो 'विसरभोळा'. आणि एक चिमणीएवढा तुतवार आहे, त्याच्या चोचीचे टोक चमच्यासारखे चपटे असते. ती चोच तो पाण्यात इकडून तिकडे फिरवीत चालतो. त्याला ती 'भातढवळ्या' म्हणे.

हे पक्षी चालत्या माणसाला शंभर पावलांवरून भितात. मला भीत नसत. त्यांच्या आज्या-पणज्यांपासून त्यांनी आम्हा फळ्यांना पाहिले आहे. आम्ही बुटक्या, चिखलाच्याच रंगाच्या, आणि नेहमी एकाच चालीने जाणाऱ्या. मी वीस पावलांवर आले की ते फार तर बाजूला होत, जशी बाजारात माणसे हातगाडीला वाट देतात. शिवाय मी गेले की मागे एक गुळगुळीत चर उमटतो, त्यात पाणी भरते, आणि चिखलातले किडे उघडे पडतात. कित्येकदा कुरव माझ्या मागोमाग चालत येत. पा ओनसी मागे वळून म्हणे, "आलात का वऱ्हाडी? जेवा, जेवा."

ही गोष्ट जगाला सांगितली आचान रातरी यांनी. आचान म्हणजे गुरू. या बाई शहरातल्या विद्यापीठात शिकवीत असत आणि प्रत्येक हंगामात मिठागराच्या बांधावर तीन पायांची दुर्बीण लावून पक्षी मोजीत असत. भरतीच्या वेळी चिखल बुडाला की पक्षी मिठागरात दाटीवाटीने येऊन एका पायावर झोपतात. तेव्हाच त्या मोजीत.

एके दिवशी पा ओनसी मला खांद्यावर घेऊन बांधावरून जात होती. ती थांबली.

"बाई, तुम्ही पाहुणे झोपले की मोजता होय?"

"तेव्हाच जवळ असतात ना, पा," आचान म्हणाल्या.

"झोपलेला माणूस बघून त्याच्याबद्दल काय कळणार? फक्त घोरतो का तेवढं. जेवताना बघायचंय का?"

आचान दुसऱ्या दिवशी आल्या. पहिल्या दहा पावलांत त्या माझ्यावरून पडल्या. दोनदा. एक बूट चिखलाने गिळला तो आजतागायत परत दिला नाही. पा ओनसी हसून हसून बादलीवर रेलली. "आचान, चिखलाशी भांडू नका. भांडलात की तो काहीतरी ठेवून घेतो!"

शेवटी असे ठरले की आचान यांनी पुढे पालथे पडावे, दुर्बीण माझ्या नाळेच्या खोबणीत टेकवावी, आणि पा ओनसीने मागून एका गुडघ्यावर मला रेटावे. मित्रांनो, त्या दिवशी आचान यांनी तीस पावलांवरून भातढवळ्याच्या पायातली लहानशी हिरवी पट्टी आणि तीवरची अक्षरे वाचली. अशा पट्ट्या दूरच्या देशांतले अभ्यासक पक्ष्यांच्या पायात घालतात, म्हणजे तो कोठून निघाला व कोठे पोहोचला हे कळते. आचान यांनी अक्षरे दोनदा वाचली, वहीत लिहिली, आणि माझ्या लाकडावर गाल टेकवून त्या बराच वेळ तशाच पडून राहिल्या. त्यांचे अश्रू खारट होते. परंतु आमच्याकडे सर्वच खारट असते, म्हणून मी काही बोलले नाही.

पुढील सात हंगाम असेच गेले. मी खुबे वाहिले आणि विद्याही वाहिली. मधल्या काळात लुंग तेम गेले. अंत्यविधीनंतर पा ओनसी घराखाली आली, माझ्या वाकवलेल्या टोकावरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "एवढंच त्यानं घाई न करता केलेलं माझ्याकडं उरलंय." वास्तविक लुंग तेम यांनी कधीच काही घाईने केले नव्हते. पण दुःखी माणसास हिशेबाने बोलायला लावू नये.

त्यानंतर दुसऱ्याच वर्षी ती सूचना आली. जिल्ह्यातल्या पक्षी-संरक्षणाच्या एका समितीने ठरवले होते की हंगामाचे सहा महिने चिखलावर कोणीही जायचे नाही. ना होडी, ना माणूस, ना फळी. कारण दिले होते, पक्ष्यांना त्रास होतो.

पा ओनसीने कागद आचान यांच्याकडून दोनदा वाचून घेतला. "आमचा त्रास होतो? पक्ष्यांना?"

"त्यांनी फळी जवळून पाहिलेलीच नाही, पा. मी समितीला पत्र लिहिलं. ते म्हणतात, सिद्ध करा."

"मग करू की. आमची चाल काय लपवून ठेवलेली आहे?" असे ती बोलली खरी, परंतु त्या संध्याकाळी तिने मला दोनदा धुतले. सहा महिने चिखल बंद म्हणजे तिचे आयुष्य बंद, आणि माझेही. गावात अशी चौदा घरे होती.

ठरले असे, की समितीचे प्रमुख खुन निवात (खुन म्हणजे श्रीयुत) एका ओहोटीस किनाऱ्यावर उभे राहतील. पा ओनसीने फळी घेऊन कालव्याच्या मुखापासून जाळी बांधण्याच्या जुन्या मासेखुंटापर्यंत जायचे व यायचे, तीन वेळा. पक्षी उडाले तर बंदी. न उडाले तर परवानगी. आचान यांना त्यांनी फळीवर बसू दिले नाही. "तुम्ही बांधावरच थांबा, आचान. तुम्ही यांच्या घरी जेवता." आचान यांना हे नाकारता आले नाही, कारण त्यांच्या ओठांना त्या क्षणीही कोळंबीच्या चटणीचा वास होता.

आता माझ्या लाजेची सकाळ. सत्य सांगायचे तर पूर्ण सांगावे.

पहाटेच पा ओनसीने मला घासून पुसून असे स्वच्छ केले की माझ्या लाकडाचा मूळ तांबूस रंग दिसू लागला. तिने स्वतः विहारातल्या उत्सवाचा नवा गुलाबी झगा घातला. मग तिने पेटीतून तीन नव्या कोऱ्या फिती काढल्या, लाल, पिवळी, हिरवी, आणि माझ्या नाळेला बांधल्या. वर झेंडूची माळ. हात जोडून ती म्हणाली, "मे यानांग, तेमनं तुला इथं बसवली. आज साहेब येणार. आज आमची लाज राख." मी फुलून गेले. इतक्या वर्षांनी माझ्या नाकावर फिती! मला वाटले, आज पक्षीदेखील मला वंदन करतील.

आम्ही निघालो. वारा मंद होता. शंभर पावले गेल्यावर एक झुळूक आली, फिती फडफडल्या, आणि समोरचे सारे पाणटिवळे एकदम उठले. त्यांच्यामागे तुतवार. मग कुरव ओरडले आणि सुरय वर जाऊन गरगरू लागले. आकाश भरून गेले आणि चिखल रिकामा झाला. पा ओनसीचा पाय थबकला. असे कधी झाले नव्हते, एकदाही नाही. आम्ही खुंटापर्यंत गेलो, परत आलो, आणि जाता-येता आमच्या पुढे पक्षी उडतच राहिले.

बांधावर खुन निवात वहीत लिहीत होते. लुंग वान मिठाच्या फावड्यावर रेलून म्हणाले, "ओनसी, वऱ्हाडी आज रुसले वाटतं! पत्रिका दिली नव्हती का?"

"तुझं तोंड मिठात घाल, वान," पा ओनसी म्हणाली. पण तिचा आवाज कोरडा होता. ती खुन निवातांकडे वळली. "साहेब, खोटं नाही बोलत. असं होत नाही कधी."

"पा, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," खुन निवात सौम्यपणे म्हणाले. त्या सौम्यपणाने अधिकच लागले. "पण मी जे बघतो तेच लिहिणार. अजून दोन खेपा आहेत. जायचं का, की इथंच थांबायचं?"

आचान दुर्बिणीवर कपाळ टेकून उभ्या होत्या.

पा ओनसी माझ्या काठावर बसून राहिली. मी तिचे वजन ओळखते; त्या क्षणी ती दुप्पट जड होती. चिखल तसाच चमकत होता. वारा पडला. थोड्या वेळाने एक चिखल्या आला, चार पावले धावला, थबकला. मग दुसरा आला. एक कोरल आला. कोणी आमच्याकडे पाहतही नव्हते. तोच पुन्हा झुळूक आली, माझ्या नाकावर फिती फडाडल्या, आणि सगळे उडाले.

पा ओनसी उठून उभी राहिली. तिने फितींकडे पाहिले, मग आपल्या गुलाबी झग्याकडे पाहिले, आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! मीच! मीच हिला नवरी करून आणली!"

लुंग वान ओरडले, "मग सोड की त्या चिंध्या!"

पा ओनसीचा हात गाठीवर गेला आणि तिथेच थांबला. काम अर्धे असताना नाळेची फीत सोडणे म्हणजे देवीला भर समुद्रात उतरवून देणे, असे आमच्याकडे मानतात. आणि ही फीत लुंग तेम यांची रीत होती. मग खाली वाकून तिने ओंजळभर चिखल उचलला.

"मे यानांग, रागावू नकोस," ती म्हणाली. "तू कोळणींची देवी. तुला चिखलाची काय घाण?"

आणि तिने तो चिखल फितींवर थापला. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. लाल गेली, पिवळी गेली, हिरवी गेली. झेंडू चिखलात बुडाला. माझे तांबूस अंग तिने दोन्ही हातांनी लिंपले. शेवटी उत्सवाच्या झग्यावरही तिने तसाच चिखल चोपडला, आणि बांधावर उभ्या असलेल्या आचान हसता हसता रडल्या.

"साहेब, चला दुसरी खेप," पा ओनसी म्हणाली. फिती माझ्या नाळेवरच होत्या. फक्त आता त्या आमच्या रंगाच्या झाल्या होत्या.

मित्रांनो, दुसऱ्या खेपेस पक्षी उडाले नाहीत. शिंपी शिवत राहिले. विसरभोळे विसरत राहिले. एका कोरलाने मान वर करून आम्हाला पाहिले आणि वाट दिली. परतताना माझ्या चरात नऊ कुरव चालत येत होते.

खुन निवात यांनी वही मिटली. "तिसरी खेप मी स्वतः करणार."

"साहेब, पँट वर करा," पा ओनसी म्हणाली. "आणि चिखलाशी भांडू नका."

ते माझ्यावर पालथे पडले. इस्त्रीचा सदरा, खिशात पेन. पा ओनसीने मला असे हळुवार रेटले की जणू पाळणाच. वाटेत तिने कुजबुजून विचारले, "तो दिसतोय का, भात ढवळतोय तो?" साहेबांनी दुर्बीण लावली. मला त्यांच्या छातीचे ठोके लाकडातून जाणवत होते. आधी सावकाश, मग जलद. तो चिमुकला पक्षी चोच इकडून तिकडे फिरवीत सरळ माझ्या चरात उतरला, आमच्या मागे, दहा पावलांवर. साहेबांना मान वळवून पाहावे लागले आणि त्या प्रयत्नात त्यांचा गाल चिखलात गेला. तो त्यांनी पुसलाही नाही. "पा," ते मुलासारखे म्हणाले, "पा, तो जेवतोय. आपल्याच मागे."

"मग? वऱ्हाडीच आहे तो," पा ओनसी म्हणाली.

महिन्याभराने निर्णय आला. हंगामात यंत्राच्या होड्या बंद, पायी भटकणे बंद, गावच्या चिखलफळ्यांना मुभा. आणि दरमहा पक्षी मोजण्याचे काम फळीवरूनच व्हावे, असा शेरा. चौदा घरांनी त्या दिवशी एकत्र भात खाल्ला. लुंग वान यांनी पा ओनसीपुढे मिठाची पुरचुंडी ठेवली आणि म्हणाले, "घे. तोंड घालायला सांगितलं होतंस ना." ती त्यांची क्षमायाचना होती, असे मी समजते.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल थोडक्यात लिहिते. मला एक उभी चीर गेली. गावात हलक्या, रंगीत, साच्यातल्या फळ्या आल्या. पा ओनसीचा गुडघा गेला, आणि दोन हंगाम मी घराखाली पडून राहिले. कोंबड्या माझ्यावर बसत. एकाने मला पायरी करावे असे सुचवले. समितीच्या लोकांनी मला चकचकीत रोगण लावून काचेच्या कपाटात ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. पा ओनसी म्हणाली, "हिला एकदा नटवून बघितलंय मी. पुरे." मला तिचा फार अभिमान वाटला.

गतसालच्या हंगामाच्या पहिल्या ओहोटीस आचान रातरी आल्या. त्यांनी माझी चीर बुजवून घेतली होती. त्यांनी मला उचलून चिखलावर ठेवले, पा ओनसीला पुढे बसवले, आणि स्वतः मागे एक गुडघा टेकून मला रेटू लागल्या.

"डावीकडं, आचान, डावीकडं! एवढं शिकलात, पण पाय कुठं ठेवलात?"

"बुटाबरोबर गेला, पा."

निघण्यापूर्वी त्या दोघींनी माझ्या नाळेला तीन नव्या फिती बांधल्या आणि त्यांवर लगेच ओंजळभर चिखल थापला. माझ्या शेजारी तेरा फळ्या उभ्या होत्या, लाकडी व साच्यातल्याही. प्रत्येकीच्या नाकावर तीन फिती आणि वर ओला चिखल. आता आमच्या गावात ती रीतच झाली आहे. आम्ही चौदाजणी एका रांगेत पुढे सरकलो, आणि हजारो पक्ष्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. मित्रांनो, याहून मोठा सत्कार माझ्या ऐकिवात नाही.

आता माझी विनंती. आपल्याही खाड्यांवर हे पाहुणे येतात. त्यांना पाहावयास गेलात तर बुटके होऊन, मळक्या कपड्यांत, सावकाश जा. ते उडावेत म्हणून टाळ्या वाजवू नका. दमलेल्यास जेवणावरून उठवू नये. आणि आपल्या घरी जे जुने अवजार असेल त्यास काम झाल्यावर धुवा, सावलीत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामास न्या. अवजाराचा मान कामातच असतो.

इतके बोलून मी थांबते. माझे हे शब्द लाकडातून कागदावर उतरवणारा व माझी चीर बुजवणारा, आपला नम्र, विश्राम धाकू पाटकर, सुतार, मूळ रहिवासी देवगड तालुका, हल्ली मुक्काम क्लोंग समे. शुद्धलेखनात चूक राहिली असल्यास ती माझी समजावी, फळीची नव्हे. वाचकांनी वेळ दिला याबद्दल मनःपूर्वक आभार.